अर्धी सळी

आजारपणातून उठल्यावर पहिलंच काम म्हणून ह्यांनी स्वतःच्या आईची चाकांची खुर्ची हातात घेतली. आधी एखादं फाटक करा म्हटलं, पण आमच्या नवरोजींना सांगणार कोण! बैठकीखालची पोलादी नळी सांध्यापाशी तडकली होती. सासूबाई आमच्या वेल्डिंगच्या वर्कशॉपच्या दारात साध्या खुर्चीवर बसून राखण करत होत्या.

"आई, आज तुझी गाडी पळायला लागेल बघ."

"पळवू नकोस बाबा. नुसती उभी राहिली तरी पुरे."

अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांच्या डाव्या हाताला कंप राहिला होता. टिग वेल्डिंगमध्ये उजव्या हातात धातू वितळवणारी टॉर्च असते आणि डाव्या हाताने सळी वितळलेल्या धातूत भरवायची असते, बाळाला भरवतात तशी, थोडी थोडी. मी ह्यांच्याच हाताखाली शिकले आणि ह्यांच्या आजारपणात वर्कशॉप मीच चालवलं. ते ह्यांना परत हवं होतं. मलाही ते ह्यांच्या हाती परत जायला हवं होतं, कारण घरात बसलेला माणूस आमटीत मीठ किती घालायचं तेही शिकवायला लागतो.

ह्यांनी खणातली सळी उचलली. जाड! मी बघतच राहिले. सळी नळीच्या पत्र्याच्या जाडीएवढी किंवा किंचित बारीक घ्यायची, हे ह्यांनीच माझ्याकडून घोकून घेतलेलं. ही तर पत्र्याच्या दुप्पट होती.

"अहो, ती जाड होईल."

"आता तू मला शिकवणार?"

कुठलंही काम आधी त्याच मापाच्या तुकड्यावर करून बघायचं, असा आमच्याकडे नियम आहे. ह्यांनी नमुन्याचा तुकडा लावला. जाड सळी टेकताच वितळलेला धातू थंड पडला आणि वर नुसती गाठ बसली. ह्यांनी करंट वाढवला. सळी वितळली खरी, पण पातळ पत्र्याला तेवढी आच सोसेना. बोट जाईल एवढं भोक पडलं.

"मशीनमध्येच काहीतरी गडबड आहे," हेल्मेट वर करत हे म्हणाले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," दारातून सासूबाई.

मला हसू आलं नाही. कारण ह्यांनी आता बारीक सळी उचलली होती आणि तिचं लांबलचक टोक हवेत असं थरथरत होतं, की आम्हा तिघांनाही ते दिसलं. जाड सळी हातात कमी डोलते. तेवढ्यासाठी ती उचलली होती. माप ह्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं. मी पाठ फिरवली.

समोर पक्कड टांगलेली होती. ती घेतली, ह्यांच्या हातातून सळी काढून घेतली आणि मधोमध तोडली. आखूड सळी बोटांच्या धाकात राहते. पण आखूड सळीवाल्यांची ह्यांनी नवशिके म्हणून जन्मभर टिंगल केलेली.

"मला शिकाऊ समजतेस?"

"नवरा समजते. मनगट टेबलाला टेकवा."

हे हलेनात. दोन्ही तुकडे माझ्या हातात तसेच.

"अरे, घास लहान केला म्हणून कुणी उपाशी राहत नाही," सासूबाई म्हणाल्या. ह्या वेळी त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

ह्यांनी माझ्याकडे न बघता तुकडा घेतला.

दुसरा नमुना धरला. तो जमला, मग खुर्ची लावली. सळी लवकर संपायची, हे थांबायचे, हात झटकायचे, पुढचा तुकडा मागायचे. सांधा पूर्वीसारखा रेखीव झाला नाही, एका ठिकाणी जरा फुगलाच. पण नळीत भोक पडलं नाही. थंड झाल्यावर आधी मी खुर्चीवर बसून चांगले दणके दिले, मग सासूबाईंना बसवलं. त्यांनी स्वतःच चाकं फिरवून वर्कशॉपला एक फेरी मारली आणि माझ्या पायावरून चाक नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्कशॉपात पोचले तेव्हा हे आधीच आले होते. पक्कड घेऊन बारीक सळ्यांचा जुडगा शांतपणे अर्धा अर्धा करत बसले होते. शेजारच्या माझ्या खणातल्या सळ्या मात्र होत्या तशाच लांब.

"तुझ्या तोडल्या नाहीत," मान वर न करता हे म्हणाले. "वर्कशॉपात शिकाऊ एक पुरे."