दीड मिनिटाचा फोन

मोहितनं गोळ्यांचं पाकीट ओट्यावर ठेवलं. अगदी हळू, मांजर दुधाजवळ पाऊल टाकतं तसं. भाकरी थापता थापता वैजयंतीनं ते पाहिलं आणि तिच्या डोक्यात तिडीकच गेली.

"रविवारी जागरण-गोंधळ हाये," तो म्हणाला. "जोडीनं बसावं लागतं. आजपासनं चालू कर, म्हंजी पाळी पुढं जाईल."

लग्नाला वर्ष झालं नव्हतं आणि ही चौथी खेप! पहिली सत्यनारायणाला, दुसरी घटाला, तिसरी नणंदेच्या साखरपुड्याला. दर वेळी तेच. डोकं ठणकायचं, छाती दगडासारखी जड व्हायची, आणि रडू तर असं की चहात साखर कमी पडली तरी डोळे भरून यायचे.

आणि मोहित? जुन्नरच्या एसटी स्टँडवर तिचं नुसतं हसू बघायला दोन-दोन गाड्या सोडणारा मोहित? तो परवा म्हणाला, "लई चिडचिडी झालीस तू. पहिल्यासारखी राहिलीच न्हाईस."

ते तिला आतपर्यंत लागलं. आपल्यातलं प्रेमच आटलं की काय, असं तिला स्वतःलाच वाटायला लागलं. म्हणून तिनं घोडेगावच्या साधनाला फोन केला. साधना तिची मैत्रीण, नर्स.

"येडे, हार्मोनच्या गोळ्या त्या! काहींना होतं असं," साधना ओरडली. "डॉक्टरला न विचारता सारखी सारखी घेतीसच कशी?"

कशी म्हणजे? नवऱ्यानं आणल्या म्हणून!

"मी नाय घेणार," वैजयंती आता म्हणाली.

"झालं सुरू!" मोहित हसला. "आई, बघ गं, हिचा पारा चढला. तारीख जवळ आली वाटतं."

सासूबाई, प्रयागबाई, पडवीत भंडाऱ्याच्या पुड्या बांधत होत्या. "घे की गं बाई. आमच्या टायमाला कुठं व्हत्या गोळ्या? आमी कोपऱ्यात बसायचो."

सासूबाईंसमोर वैजयंती त्याला कायम 'अहो' म्हणायची. ते 'अहो' आज तव्यावरच करपलं.

"हो, आलीये तारीख जवळ! म्हणून काय राग खोटा? गोळ्या तू आणायच्या, सुजायचं मी, रडायचं मी, आणि वर तूच विचारायचं, माझी हसरी वैजू कुठं गेली! घे ना, तू घे! दहा दिवस खा, मग बघू तुझे दात किती दिसतात!"

पाकीट त्याच्या छातीवर आदळून खाली पडलं.

"मग गोंधळाचं काय करू?"

"पुढं ढकल."

"असं कसं? तारीख ठरलीय!"

"माझी पण ठरलेलीच होती की. तीनदा हलवलीस."

मोहितनं आईकडं पाहिलं. प्रयागबाई पुडीची गाठ मारत राहिल्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "लाव की फोन."

त्यानं वाघ्या-मुरळीच्या पार्टीवाल्या दादाभाऊंना फोन लावला.

"पुढचा रविवार? जमंल की पावणं! त्यात काय एवढं?"

दीड मिनिट. वैजयंतीनं भिंतीवरचं घड्याळच बघितलं होतं.

मोहित गोड हसत जवळ आला. "झालं ना मनासारखं? आता तरी हस."

"तीन वेळा तुझ्याकडं दीड मिनिट नव्हतं," ती म्हणाली. "नाय हसणार."

आणि तिनं भाकरी अशी थापली, की परात ओट्यावर नाचली.