सायबाचा हिरवा डोळा

खंडेनवमीच्या सकाळी बाबांनी पाचही तलवारी पाटावर मांडल्या. बोटीवर खलाशी असताना हॅम्बुर्गच्या जुन्या बाजारातून त्यांनी त्या एकेक करून जमवल्या होत्या. सगळ्या जर्मन नौदलातल्या अधिकाऱ्यांच्या. मुठीवर पितळी सिंह, त्याला काचेचे डोळे. डावा लाल, उजवा हिरवा, बोटीच्या दिव्यांसारखे. सर्वांत जुन्या तलवारीच्या सिंहाला मात्र उजवीकडे नुसता खळगा होता.

"ह्या सायबाक हळू पूस गो," बाबा म्हणाले. "एका डोळ्यान बघता तो. माझ्यासारखो."

मग दरवर्षीचं गाऱ्हाणं. "बा देवा म्हाराजा, ज्या कोणी सायबाचो डोळो न्हेलो आसात, तेका कबूल करूची बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आई आणि मी म्हणालो.

ज्या कोणी म्हणजे कुस्तोदियोकाका, बाबांचे बोटीवरचे सोबती. ती तलवार त्यांनाही हवी होती. बारा वर्षांपूर्वी डोळा गेला त्या दिवशी ते आमच्याकडे जेवत होते. बाबांनी पानावरच विचारलं. ते भरल्या पानावरून उठले, ते पुन्हा आले नाहीत.

मी तेव्हा चौदा वर्षांची. नुसतं कोरडं फडकं फिरव, असं बाबांनी बजावलेलं. डोळ्याभोवतीचा काळपट मळ मी कोकमाच्या सोलाने काढला, तांब्याभर पाणी ओतलं. काच सुटली आणि न्हाणीच्या पाण्यातून माडाच्या मुळाशी गेली.

दसऱ्याच्या सकाळी बाबा उठले नाहीत.

त्यानंतर मी ती तलवार खळगा भिंतीकडे करून ठेवी. केर काढून येईपर्यंत तो खोलीकडे वळलेला असे. आई म्हणे, मी हात लावला नाही. वाचलेल्या पुस्तकांत अशा गोष्टींना कारणं असतात. मी शोधली नाहीत. भर दुपारी बाबांच्या आवाजात गाऱ्हाणं ऐकू येई, आणि माझ्या तोंडून "व्हय म्हाराजा" निघून जाई.

बाराव्याला कुस्तोदियोकाका कट्टा गावाहून आले. टोपी काढून अंगणातच उभे राहिले.

"भितर येवा," आई म्हणाली.

"भिकाजीन बोलवल्याशिवाय कसो येव?" बाबांचं नाव घेऊन ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "सायब आसा मां गो अजून?"

मी तलवार बाहेर आणली. सिंहाचा खळगा त्यांच्याकडे होता.

"काका, डोळो तुमी न्हेलास नाय," मी म्हणाले. "माझ्या हातसून गेलो. बाबांका मी कधी सांगलंय नाय."