थरथरण्याची नोकरी

मित्रांनो, हात थरथरायला लागले की माणसाला घरी बसवतात. मला थरथरण्यासाठीच नोकरी मिळाली. मी एक जुना भूकंपमापक. फिरणारं पिंप, त्यावर कागद आणि शाईची एक सुई, एवढाच माझा संसार.

माझी नेमणूक ज्वालामुखीच्या पायथ्याशी झाली. जमिनीत खोलवर खडक वितळतो. तो भोवतालच्या खडकापेक्षा हलका, म्हणून वर सरकतो आणि वाटेत साठून राहतो. त्यात कोंडलेले वायू वर येताना फुगतात आणि फट दिसेल तिथून सगळं बाहेर ढकलतात. आमचा डोंगर अशाच जुन्या राख-लाव्हाच्या थरांचा होता. जागा निवडणाऱ्या साहेबांना खिडकीतून तो छान दिसला. भिंतीपलीकडे मावशींची लॉन्ड्री आहे, हे त्यांना दिसलं नाही.

निरीक्षककाका माझ्या प्रत्येक रेघेशेजारी कारण लिहीत. ‘दगडांचा ट्रक.’ ‘दार आपटलं.’ ‘मावशींचं मशीन’ इतक्यांदा लिहावं लागे, की त्यांनी त्याचा शिक्काच करून घेतला. पाहुणे यायचे, ‘किती नाजूक यंत्र’ म्हणायचे. मी लाजायचो. तेही कागदावर उमटायचं.

एकदा मी बारीक थरथरू लागलो, ते थांबेचना. काका आठवडाभर शिक्के मारत राहिले. मी ओरडून काय सांगणार? शेवटी ते वैतागून लॉन्ड्रीत गेले.

“मावशी, मशीन जरा हळू चालवा. कागद खराब होतोय.”

“कुठलं मशीन? पट्टा तुटून आठ दिवस झाले. तुमचे शर्टसुद्धा हातानं घासलेत.”

“मग हे हलतंय काय?”

“ते मला विचारताय? भूकंपाची पाटी तुमच्या दारावर आहे.”

काका धावत आले. त्यांनी आठवडाभराचे कागद जमिनीवर पसरले. शिक्क्यांखालची थरथर वर सरकणाऱ्या वितळलेल्या खडकाची होती. डोंगराखालच्या ओढ्याकाठी चारशे माणसांची वस्ती होती. मावशींची लेक तिथेच राहायची.

दोघं जीप घेऊन गेले. लोक म्हणाले, “लाव्हा येतो रमतगमत. दिसला की निघू.”

“लाव्हा नाही हो,” काका म्हणाले. “तापलेल्या राखेचा लोट येतो, या जीपला मागे टाकील. राख साठली की छप्पर खाली बसतं. वर पाऊस पडला, की चिखलाचा लोंढा पूल घेऊन जातो.”

“आणि तुम्हाला कळलं कधी?”

“आठ दिवस उशिरा,” काका म्हणाले. बहुधा या उत्तरामुळेच लोक उठले.

तिसऱ्या दिवशी डोंगर फुटला. छपरं बसली, पूल गेला. छपरांखाली कोणी नव्हतं.

आता वस्ती पलीकडच्या उंच टेकडीवर आहे. डोंगरावर नवी यंत्रं आहेत, मी शाळेत. मावशींची नात रोज माझी धूळ पुसते. मित्रांनो, तुम्हीही यंत्रांची धूळ पुसत जा. पण सुई हलली, तर शेजाऱ्याच्या नावावर टाकण्याआधी शेजाऱ्याला विचारून या. तो काय म्हणतो ते तुम्ही ऐकेपर्यंत मी थरथरत राहीन. ते काम मला जमतं.