मालननं डाव सोडला नाही

मालन पगारे मुलुंडच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. पंचाऐंशी साली घाटकोपरच्या एका मंडळाच्या बुद्धिबळ स्पर्धेत नाव द्यायला ती गेली, तेव्हा टेबलावरच्या माणसानं महिला गटाचा फॉर्म पुढे केला. तिनं तो परत सरकवला. "खुल्या गटाचा द्या."

तिसऱ्या फेरीत समोर मार्तंड वैशंपायन आले. बँकेत अधिकारी, गेल्या वर्षीचे विजेते. दोन तासांत त्यांनी तिचे सगळे मोहरे मारले. तिचा एकटा राजा उरला; त्यांच्याकडे राजा, एक उंट आणि एक घोडा.

"सोडा आता, बाई," ते म्हणाले. "काय उरलंय?"

"राजा उरलाय ना. मात करा."

"उगाच सगळ्यांना ताटकळत ठेवताय."

"मी रोज आठ तास उभी असते. इथे तर खुर्ची आहे."

बघायला जमलेले हसले. मालनची कानशिलं तापली, पण ती उठली नाही. उंट-घोड्यानं मात करणं भल्याभल्यांना जमत नाही, हे तिला ठाऊक होतं. त्यांचा उंट काळ्या घरांतला, म्हणजे मात काळ्या कोपऱ्यातच होणार. तिनं राजा पांढऱ्या कोपऱ्याकडे वळवला. शेवटचा मोहरा मेल्यापासून पन्नास खेळ्यांत मात झाली नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. ती एकेक खेळी कागदावर लिहीत राहिली.

वैशंपायन आधी झटपट खेळत होते. तिसाव्या खेळीला त्यांनी चष्मा पुसला. दोनदा त्यांनी राजाला काळ्या कोपऱ्याजवळ कोंडत आणलं, दोनदा तो एका मोकळ्या घरातून निसटला. हसणारे टेबलाजवळ सरकले. कुणीतरी हळूच म्हणालं, "वाट लागली साहेबांची."

पन्नास खेळ्या भरल्या तशी मालननं पंचांना हाक मारली. पंच अंबादास मोरे यांनी कागद दोनदा तपासला.

"बरोबर आहे. डाव बरोबरीत."

"ह्याला खेळ म्हणतात?" वैशंपायन चिडले. "तुम्ही नुसत्या पळत होतात!"

"मग पकडायचं होतं."

हात न मिळवताच ते उठून गेले. मालननं पाण्याचा ग्लास उचलला. एका दमात तो रिकामा केला. बरोबरीचा अर्धा गुण मिळूनही ती गुणांच्या यादीत खालून चौथीच होती.

"दमला असाल, बाई," मोरे म्हणाले. "घरी जाताय का?"

"छे. पुढची फेरी किती वाजता?"