दुसऱ्या बाजूचा बास

त्यांच्या बँडचा जुना अल्बम सराउंड साउंडमध्ये नव्याने निघणार, हे कळल्यावर खर्ज्या "बरं" एवढंच म्हणाला. बास गिटार वाजवायचा म्हणून तरुणपणी मित्रांनी ठेवलेलं हे नाव साठी उलटल्यावरही त्याला चिकटून होतं. बायको गेल्यापासून त्याला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. फोन वाजला की उचलायचा, कुणी बोलावलं की जायचं.

बँडमधले दोघं वारले होते. उरले खर्ज्या आणि त्याचा थोरला भाऊ, गिटार वाजवणारा दादा. दादाला गुडघ्यांमुळे जिना चढवत नसे, म्हणून नवं मिक्सिंग ऐकून होकार द्यायला खर्ज्या एकटाच स्टुडिओत गेला.

साउंड इंजिनीअर त्याच्या लेकीच्या वयाची होती. तिने त्याला खोलीच्या मधोमध बसवलं. पुढे स्पीकर, मागे स्पीकर.

"काका, डोळे मिटा. बँडच्या मध्येच बसल्यासारखं वाटेल."

जुन्या रेकॉर्डची दुसरी बाजू सुरू झाली. अख्ख्या बाजूवर एकच गाणं होतं. वहिनी म्हणायची, तुमचं एक गाणं संपेतो माझा सगळा स्वयंपाक होतो. पण याच गाण्यातल्या बाससाठी अनोळखी माणसं खर्ज्याचा हात धरून कौतुक करत. तो लाजत मान डोलवायचा. रेकॉर्डवर ऑर्गनखाली बासची चाल तेवढी कळायची, वाजवण्याचा बारकावा त्याला स्वतःलाही कधी नीट ऐकू आला नव्हता.

आता ऑर्गन मागच्या स्पीकरमध्ये गेला आणि बास मोकळा झाला. खर्ज्याने डोळे उघडले. ओळ त्यानेच बसवलेली होती, पण हात त्याचा नव्हता. तो बोटांनी वाजवायचा. इथे तारेवर प्लास्टिकच्या पिकचा कडक आघात होता. गिटारवाल्याचा.

"हा मी नाही."

मुलगी गोंधळली. "टेपवर बासचे दोन ट्रॅक आहेत. एक बंद करून ठेवलेला. मला वाटलं, दोन्ही तुमचेच. ऐकायचाय?"

तिने दुसरा लावला. हे मात्र त्याचेच हात होते. मध्येच रेंगाळणारे, मध्येच घाईला येणारे. आई गेली त्याच महिन्यातलं रेकॉर्डिंग.

बाहेर जाऊन त्याने फोन लावला. वहिनीने उचलला आणि दादाला दिला.

"दादा, दुसऱ्या बाजूचा बास तू वाजवलास?"

"हो," दादा म्हणाला. "तुझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तू घरी गेल्यावर मी उरकून टाकलं."

"सांगितलं का नाहीस?"

"तेव्हा तू कोलमडला असतास. पुढे लोक तुझं कौतुक करायला लागले. मग कुठल्या तोंडाने सांगणार? राग आला?"

खर्ज्याने मनात चाचपून पाहिलं. राग नाही तर निदान लाज तरी सापडायला हवी होती. हाताला काहीच लागलं नाही.

"काहीच येत नाही रे."

"इकडे ये जेवायला."

"बघू."

"बघू नाही. ये."

तो आत आला. "दादाचाच ट्रॅक ठेव," तो मुलीला म्हणाला, "आणि कव्हरवर बासपुढे त्याचं नाव घाल."

"तुमचाही अल्बमच्या शेवटी वेगळा जोडते ना. मला आवडला तो, काका. कुणीतरी रडत रडत वाजवतंय असं वाटतं."

"रडत नव्हतो," खर्ज्या म्हणाला. "रडूच येत नव्हतं."

तिने विचारलं, "जोडू?"

"जोड."

तो तसाच दादाकडे गेला. वहिनीने पान वाढलं, बायकोचा विषय काढला नाही, बासचाही नाही. दोघं भाऊ शेजारी शेजारी बसून जेवले.

"मीठ कमी आहे का रे?" दादाने विचारलं.

"कळत नाही."

दादाने त्याच्या पानातलं चाखून पाहिलं आणि चिमूटभर मीठ घातलं. खर्ज्या पुढे जेवत राहिला.