काय दिसतंय?

यंत्रातली प्रकाशाची तिरीप त्याने लेकीच्या डोळ्यावरून डावीकडे सरकवली. बाहुलीतली लालसर चमक उजवीकडे गेली. त्याने पुन्हा सरकवली. पुन्हा उलटीच.

"बाबा, मी काय सांगायचं?" उंच खुर्चीवर पाय हलवत ठकीने विचारलं.

"काहीच नाही. नुसतं समोर बघ."

या तपासणीत समोरच्याला काही सांगावं लागत नाही, म्हणून तर ती लहान मुलांसाठी बरी. चष्म्याच्या दुकानामागच्या या अंधाऱ्या खोलीत त्याने किती लोकांच्या मुलांचे डोळे असे पाहिले होते. स्वतःच्या मुलीला मात्र गेल्या वर्षी भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला होता. तिने तळाच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला आणि तो खूश झाला. दुकानात खेळत वाढलेली पोर. गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकून ऐकून तिला तो पाठ झाला असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

त्याने तिच्या नाकावर तपासणीची चौकट चढवली आणि तीत एकामागून एक भिंगं बदलली. शेवटी चमक सरकायची थांबली.

"किती?" दाराशी उभ्या असलेल्या बायकोने विचारलं.

"उणे तीन. दोन्ही डोळे."

"म्हणजे फळा..."

"दिसत नसणार."

"दोनदा म्हटलं होतं तुला. टीव्हीला नाक लावून बसते, बघ एकदा."

म्हटलं होतं खरं. तेव्हा त्यानेच तिला उडवून लावलं होतं. 'तुला सगळीकडे दुखणीच दिसतात. अगं, पोरीची कल्पनाशक्ती बघ!'

मुलांना चूक-बरोबर सांगू नये, उत्तर सुचवू नये, फक्त विचारावं आणि ऐकावं, असं त्याने कुठेसं वाचलं होतं आणि ते इमानेइतबारे पाळलं होतं. रोज संध्याकाळी गॅलरीत ठकीला घेऊन तो विचारायचा, "काय दिसतंय?" ती सांगायची. दिव्यांना मिशा आहेत. झाडं हिरव्या धुराची आहेत. समोरच्या गच्चीतल्या काकूला तोंडच नाही. प्रत्येक वाक्याला तो टाळी द्यायचा, तिला उचलून गरागरा फिरवायचा आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना ऐकवायचा. "लेखिका होणार हो तुमची पोरगी," असं कुणी म्हटलं की त्याला आभाळ ठेंगणं व्हायचं.

पोर बिचारी दिसेल तेच सांगत होती.

"दिव्याखाली अंधार, दुसरं काय," बायको म्हणाली. चेष्टेने म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

भिंगांच्या कडा त्याने स्वतः घासल्या. पहिलं भिंग हातून बिघडलं, दुसरं घेतलं. संध्याकाळी तयार चष्मा ठकीच्या कानांवर चढवला आणि तिला दुकानाच्या पायरीवर आईशेजारी आणून उभं केलं. स्वतः मात्र दारातच थांबला.

ती इकडून तिकडे मान वळवत राहिली. मग आईचा हात ओढून ओरडली, "आई, त्या मावशींच्या पिशवीवर फुलं आहेत! आणि झाडाला पानं आहेत, वरपर्यंत. सुटी सुटी!"

"हो गं राणी," आई म्हणाली.

"आणखी काय दिसतंय?" सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं.

"बस. बसवर नंबर आहे. तो खांब. खांबावर दिवा."

"दिवा कसा आहे?"

ठकीने नीट निरखून पाहिलं.

"दिव्यासारखा."

त्याने मान डोलावली. हसायचंही त्याच्या मनात होतं, पण ते जमलं नसावं. कारण ठकी वळली आणि दारातल्या त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. इतक्या लांबून तिला तो आजवर कधी नीट दिसलाच नव्हता.

मग तिने दोन्ही हातांनी चष्मा काढला, मिटून आईकडे दिला आणि डोळे बारीक करून पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं.

"थांब हं बाबा," ती म्हणाली, "आता चांगलं सांगते."