वायफायचं वाण

आधीच सांगते, मला राग लवकर येतो आणि उतरायला वेळ लागतो. त्या महिन्यात तर तो उतरलाच नव्हता. नोएडाच्या आमच्या सेक्टरात तेव्हा मेट्रो पोचली नव्हती, पाणी टँकरचं होतं, गेटबाहेर धड भाजीवालाही नव्हता. पण फायबरचं इंटरनेट आलं होतं. ते कनेक्शन माझ्या नावावर होतं आणि मी ते एकाच कारणासाठी घेतलं होतं. मी खेळते. जेवताना मोबाइलवर टाइमपास करतात तसं नाही. आमची पाच जणांची टीम, समोर दुसरे पाच, कानाला हेडफोन, आणि एकाची चूक झाली की पाचही जण बाहेर. दिवसभर एका न्यूज चॅनलच्या एचआरमध्ये बसून लोकांच्या रजा मंजूर करायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन खेळायचं, हे माझं आयुष्य होतं. त्यातला पहिला अर्धा भाग मला सोडायचा होता.

ते जमण्यासारखं होतं. आमचा कॅप्टन राजीव, फरीदाबादचा. गुरुग्रामच्या एका कंपनीशी त्याचं बोलणं पक्कं झालं होतं. ती कंपनी आमची टीम उचलणार होती, वर्षाचा करार करणार होती, आणि मग दिवसभर फक्त खेळ. चार जागा ठरल्या होत्या. पाचवीसाठी दोघी होतो, मी आणि जयपूरची एक मुलगी. महिनाअखेरच्या रविवारी दुपारी एक मॅच होती, ती बघून राजीव काय ते ठरवणार होता. मला ती जागा हवी होती, आणि तेव्हा जगात मला दुसरं काहीही नको होतं.

आणि आमचं नेट रोज संध्याकाळी मान टाकायचं.

आपण बटण दाबलं की तो निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला जो वेळ लागतो, त्याला पिंग म्हणतात. तो जितका कमी तितकं चांगलं. आमच्याकडे दिवेलागण झाली की तो असा चढायचा की मी समोरच्यावर गोळी झाडायचे आणि ती पोचायच्या आत मीच मेलेली असायचे. कधी स्क्रीन गोठायची. सुटेपर्यंत सगळा खेळ आटोपलेला असायचा. हेडफोनमध्ये बाकीच्या चौघांचे उसासे ऐकू यायचे. राजीव ओरडत नसे, तेच जास्त लागायचं. एकदा नुसतं म्हणाला, यार प्रणिता, पहले घर का नेट देख ले.

बघत नव्हते होय? राउटर बंद करून चालू केला, शंभरदा केला. टीव्हीमागून काढून कपाटावर ठेवला. कुणीतरी सांगितलं वायफायवर खेळूच नये, वायर लाव. म्हणून हॉलपासून आमच्या बेडरूमपर्यंत वायर ओढली. माझे सासरे संपतराव, पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी ती वायर भिंतीच्या कडेनं खिळे मारून अशी सरळ बसवून दिली की बघत राहावं. घरात तेवढ्या एका माणसानं माझ्या खेळाला कधी नाव ठेवलं नाही. पण वायर लावूनही संध्याकाळी तेच रडगाणं.

कंपनीला फोन केले. त्यांचा माणूस यायचा तो सकाळी अकराच्या सुमाराला. मोबाइल लावून बघायचा आणि म्हणायचा, मॅडम, लाइन तो एकदम क्लियर है. अकराला असणारच ना क्लियर! संध्याकाळी ये म्हटलं तर त्याची ड्यूटी संपलेली. राउटरच्या सेटिंगचं पान त्यांनी स्वतःच्या पासवर्डनं बंद करून ठेवलेलं, त्यामुळे आत काय चाललंय हे मला दिसतही नव्हतं. मी त्या माणसाला इतकं बोलले की पुढच्या वेळी कंपनीनं दुसराच पाठवला, आणि त्यालाही लाइन क्लियरच दिसली.

मग मी घरात सुरू झाले. माझा नवरा अमोल सिनेमे डाउनलोड करतो म्हणून त्याच्याशी भांडले. सासऱ्यांच्या पलटणीच्या ग्रुपवर दिवसभर व्हिडिओ येतात म्हणून त्यांच्या मोबाइलचं नेटच बंद करून ठेवलं. बिचारे पेपर वाचत बसायला लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण चोर कोण ते मला तेव्हा कुठे माहीत होतं?

ते कळलं लिफ्टमध्ये. वरच्या मजल्यावरच्या मिसेस भाटिया सोबत होत्या. एरवी ही बाई माझ्याकडे बघून ओठसुद्धा हलवायची नाही. त्या दिवशी एकदम हात धरून म्हणाल्या, तुझी सासू म्हणजे देवमाणूस आहे, बेटा. आमचं स्वतःचं नेट आम्ही कधीच बंद केलं, आता सगळ्या सिरियली तुमच्याच वायफायवर. आणि आमच्याच कशाला, खालच्या रावतांच्याही, समोरच्या दोन्ही घरांच्याही. ज्यांच्या फ्लॅटपर्यंत येत नाही त्या दुपारी तुमच्याच हॉलमध्ये येऊन बसतात. माझा मजला आला तरी मी लिफ्टमध्येच उभी होते.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. घरात शिरले ती चप्पल न काढताच.

झालं होतं ते असं. माझ्या सासूबाई सरला दर संक्रांतीला हळदीकुंकू करतात. आमच्या टॉवरमध्ये मराठी घरं मोजून तीन, म्हणून त्या सगळ्यांनाच बोलावतात, पंजाबी, गढवाली, बिहारी. बायकांना काहीतरी वाण लुटायचं असतं. दरवर्षी प्लास्टिकचे डबे नाहीतर चाळण्या देतात, आणि त्या दुसऱ्या दिवशी कामवाल्यांच्या हातात दिसतात. या वर्षी त्यांनी अमोलला विचारलं, कुणी टाकून देणार नाही असं काय देऊ? अमोल हसत म्हणाला, वायफायचा पासवर्ड दे, सगळ्यांना हवाच असतो. त्यानं गंमत केली असेल, पण आईनं ती उचलून धरल्यावर या महाभागानं ऑफिसात जाऊन जाड कागदावर चिठ्ठ्या छापून आणल्या. कोपऱ्यात हळदीकुंकवाची बोटं, मध्ये माझा पासवर्ड, सोबत तिळाचा लाडू. हे सगळं हॉलमध्ये चाललं होतं तेव्हा मी आत हेडफोन लावून खेळत होते. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे खूप पाहिलेत, पण इथं माझ्याच घरातली मायलेकरं निघाली.

सासूबाई ओट्याशी मेथी निवडत होत्या.

"आई, तुम्ही माझा पासवर्ड सगळ्या बिल्डिंगला वाटलात?"

"वाटला नाही, वाण दिलं. तू बाहेर आली असतीस तर तुलाही मिळालं असतं."

मग माझं तोंड सुटलं. माझी मॅच, माझी जागा, माझं कनेक्शन, सगळं बोलून घेतलं. त्यांनी हातातली जुडी संपवली आणि मग शांतपणे सांगितलं, की सवाष्णीच्या हातात ठेवलेलं वाण परत मागत नाहीत. असं केलेलं त्यांनी जन्मात ऐकलेलं नाही. आणि जाता जाता म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. एवढंच. तेही मेथीच्या काड्यांकडे बघत.

ते वाक्य माझ्या डोक्यात गेलं ते गेलंच. रात्री अमोलला विचारलं, तू कुणाच्या बाजूनं? तो म्हणाला, यार, तुम्ही दोघीही बिल्कुल बरोबर आहात. त्याच्याशी मी त्यानंतर बोललेच नाही. मला आता ती जागा तर हवीच होती, पण त्याहून जास्त मला हे दाखवून द्यायचं होतं की अंगण खरोखरच वाकडं आहे.

मॅचच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी कंपनीला फोन लावून पासवर्ड बदलून घेतला. इतकं सोपं होतं ते. नवा पासवर्ड घरातल्या तिघांच्या मोबाइलमध्ये मीच टाकून दिला, सासूबाईंच्याही. त्यांनी मोबाइल पुढे केला आणि परत घेतला, माझ्याकडे बघितलं नाही.

दुपारपासून बेल वाजायला लागली. आधी मिसेस भाटिया, मग रावतांची सून, मग समोरच्या दोघी. दार सासूबाईंनीच उघडलं. मी आतून कान देऊन ऐकत होते. वाटलं, आता माझं नाव घेणार, सुनेनं बंद केलं म्हणणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण त्या आपल्या मोडक्या हिंदीत प्रत्येकीला एकच सांगत राहिल्या, खराब हो गया है, अभी देखते हैं. बायका उंबऱ्यातूनच परत गेल्या. आत या, चहा घ्या, असं त्या प्रत्येकीला म्हणाल्या आणि एकही आत आली नाही. संध्याकाळपर्यंत आमच्या दारात एकही चप्पल उतरली नाही.

मी पाणी प्यायला बाहेर आले तेव्हा त्या सोफ्यावर एकट्याच बसल्या होत्या.

"यांची पलटण अंबाल्याला होती तेव्हा क्वार्टरचं दार बंदच होत नसे," त्या म्हणाल्या. "इथं आल्यापासून बेल वाजली की कुरियरवाला. त्या वायफायसाठी यायच्या, हे मला काय कळत नव्हतं? पण यायच्या."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं. उद्या मॅच झाली की बघू, असंही मनात आलं. पण मी पाणी पिऊन आत गेले. वाईट वाटून घ्यायला पूर्ण आयुष्य पडलं होतं आणि जागा एकच होती.

रविवारी दुपारी दार लावून बसले. पिंग बघितला. एवढा कमी मी आमच्या घरात कधी पाहिला नव्हता, आणि तो जागचा हलतही नव्हता. राजीवला सांगितलं, आज नेट मक्खन आहे. तो म्हणाला, चलो, फिर दिखा दे.

मॅच सुरू झाली. मला सगळं दिसत होतं, स्वच्छ. भिंतीआडून समोरचा बाहेर आला, मला दिसला, मी बटण दाबलं, आणि त्यानं माझ्या आधी दाबलं होतं. पुढच्या वेळी मी डावीकडून जायला नको होतं, गेले. तिसऱ्या वेळी आमच्याच टीममधली दुसरी मुलगी माझ्या भरवशावर पुढे घुसली आणि मी घाबरून मागेच थांबले. ती मेली, मग मीही. स्क्रीन एकदाही गोठली नाही. मी सारखी कोपऱ्यातल्या पिंगच्या आकड्याकडे बघत होते. चढ ना मेल्या, एकदा तरी चढ. तो काही चढला नाही. शेवटी शेवटी मी जरा बरी खेळले, पण तोवर हरण्यासारखं सगळं हरून झालं होतं.

मॅच संपल्यावर राजीवनं बाकीच्यांना जायला सांगितलं आणि मला थांबवून घेतलं.

"आज नेट ठीक था ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार, त्याला तिकडे आकडा दिसतच होता. मग त्यानं चांगल्या शब्दांत सांगितलं, की इतके दिवस त्याला वाटत होतं सगळा दोष नेटचा आहे, म्हणून तो थांबला होता. आता जयपूरच्या मुलीला कळवतो. वाईट वाटून घेऊ नकोस, खेळत राहा. मी हेडफोन काढून ठेवला. रडू येईल असं वाटलं होतं. आला तो रागच, आणि या वेळी तो कुणावर काढायचा तेच कळेना.

बाहेर आले. सासूबाई हॉलमध्ये मोबाइलवर कीर्तन बघत होत्या. बुवांचा आवाज खणखणीत येत होता, मध्ये कुठे अडखळत नव्हता.

"झाली मॅच? मिळाली जागा?" त्यांनी विचारलं. नीट विचारलं, टोमणा नव्हता त्यात.

"नेट गेलं होतं," मी म्हटलं.

त्यांनी हातातल्या मोबाइलकडे बघितलं. बुवा अभंगाचा एकेक शब्द फोड करून सांगत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात मला सगळं ऐकू आलं. पण त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी भांडले असते. भांडायला मी तयारच होते.

"तसंही जातंच आहे, तर मग बायकांना नवा पासवर्ड सांगू का?"

"सांगा."

त्यांनी कीर्तन बंद केलं, चष्मा काढून पदरानं पुसला आणि टीव्हीजवळचं पेन-कागद माझ्यापुढे धरलं.

"मोठ्या अक्षरात लिहून दे. भाटियाबाईंना बारीक दिसत नाही."

मी लिहून दिला.